घरच्या माणसाची पावती

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. कारण यात साळूकाकू आहेत. त्या आमच्या शेजारच्या, लहानपणी मला पाठीत धपाटा घालून ताक पाजणाऱ्या. कोणीतरी त्यांना हे वाचून दाखवणारच, आणि मग त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. पण काल कामथडी फाट्यावर एक फ्लेक्स पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. फ्लेक्सचं शेवटी सांगते. आधी सारिकाताईचं. ती साळूकाकूंची थोरली मुलगी, जपानहून परत आलेली. आता मी बाजूला होते, गोष्ट तिचीच आहे.

सारिकाची गोष्ट खरं तर तिच्या वडलांपासून सुरू होते. त्यांना सगळे नानाच म्हणायचे. नाना नसरापूरला एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला होते, रोज सायकलवर जायचे. त्यामुळं अख्ख्या आळीची लाईट बिलं नानांच्या खिशात. सकाळी सायकल बाहेर काढली की बायका दारातूनच हाक मारायच्या, "नाना, येवढं आमचं बी घ्या बरं का!" बिलातच नोटा गुंडाळलेल्या. संध्याकाळी नाना परत आले की कोणी विचारायचं नाही, भरलं का, पावती कुठंय. विचारणं म्हणजे नानांच्या तोंडावर थुंकण्यासारखं. "नानाकडं दिलं म्हंजी भरलं," एवढंच. नाना गेले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात शेजारच्या बनाबाईंचं बिल निघालं होतं, नोटांसकट. साळूबाईंनी बाराव्याच्याही आधी ते कोणाकडून तरी भरून घेतलं. सारिकानं हे सगळं बघितलेलं. विश्वास म्हणजे काय, तर बिलात गुंडाळलेली नोट, हे तिच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

पुढं ती नर्सिंग शिकली, पुण्यात एका दवाखान्यात लागली. पगार असा की हॉस्टेलचं भाडं आणि एसटीचा पास झाला की उरायचं ते फक्त पगार झाल्याचं समाधान. तेव्हा तिचा मामेभाऊ धम्मदीप जपानला गेलेला होता. शिवऱ्याच्या सावळाराम मामांचा हा मुलगा, तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. तिकडं गाड्यांचे पार्ट बनवायच्या कारखान्यात होता. त्यानं फोन केला.

"सारे, हितं म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं मिळत न्हाईत. नर्स म्हणलं की डोक्यावर घेतील. भाषेची परीक्षा दे, बाकी मी हाय ना."

बाकी मी हाय ना. हे वाक्य लक्षात ठेवा.

ती पुण्यात भाषेच्या क्लासला गेली. एकदा नापास झाली, रडली, परत बसली, पास झाली. निघताना साळूबाईंनी बॅगेत तिखटाचा डबा, ज्वारीचं पीठ आणि बाबासाहेबांचा छोटा फोटो दिला. आणि भाच्याला फोनवर सांगितलं, "दीपा, पोर तुज्या जीवावर पाठवतेय."

"आत्या, तुमी निवांत झोपा," तो म्हणाला.

जपान सारिकाला पहिल्यांदा कळलं ते कचऱ्यात. खोटं नाही सांगत. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, प्रत्येकाचा वार ठरलेला. तिनं नारळ फोडला आणि करवंटी कशात टाकायची हेच कळेना. एक दिवस तिची पिशवी तशीच परत दारात, वर चिठ्ठी चिकटवलेली. शिव्या नाहीत काही नाहीत, नुसती विनंती. ती चिठ्ठी हातात धरून ती जिन्यात बसून रडली. "कोणी चार शिव्या दिल्या असत्या ना तर बरं वाटलं असतं," ती म्हणते.

आणि दुसरं म्हणजे दुकान. तिकडं कोपऱ्या-कोपऱ्यावर एक दुकान असतं, कोन्बिनी म्हणतात, रात्रंदिवस उघडं. तिथं भाताचे गोळे मिळतात, छत्री मिळते, आणि लाईटचं, पाण्याचं, टॅक्सचं सगळं बिल तिथंच भरतात. सारिका पहिल्यांदा लाईट बिल भरायला गेली. काउंटरवरच्या पोरानं एका दमात काहीतरी विचारलं, मागं रांग, सगळे शांत, आणि ही नुसती मान हलवतेय. नाण्यांनी पाकीट फुगलेलं. त्यातली ती मधे भोक असलेली नाणी, आजीच्या वेळच्या भोकाच्या पैशासारखी. घाबरून तिनं मूठभर नाणी काउंटरवर ओतली. पोरानं एक एक वेचून घेतली, बाकीची तिच्या ओंजळीत परत ठेवली आणि वाकून नमस्कार केला. ती बाहेर येऊन घामाघूम.

रविवारी धम्मदीप आला तर हसून हसून लोळला. "आगं येडे, नाणी का ओतलीस? भिकाऱ्याला देतात तशी! आण हिकडं. तुजी बिलं मीच भरीत जाईन. माजी भरायलाच असतात की, त्यात तुजी."

सारिकाला काय वाटलं असेल सांगू? नाना सायकल घेऊन दारात उभे राहिले असं वाटलं.

मग ते सुरूच झालं. दर रविवारी तो ट्रेननं यायचा. ती भाकरी करायची, पिठलं करायची, खिडकी बंद करून, कारण फोडणीचा वास शेजारी गेला तर परत चिठ्ठी. तो जेवायचा, डब्यात भाकरी बांधून न्यायचा, आणि निघताना हात पुढं करायचा. ती बिलात नोटा गुंडाळून द्यायची. अगदी तशाच गुंडाळून.

पैशाचं तिचं तसं नेटकं होतं हं. पगार झाला की ती पाकिटं करायची. भाड्याचं, खाण्याचं, घरी पाठवायचं, परीक्षेचं. हे तिला ती कामाला होती त्या वृद्धांच्या संस्थेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं शिकवलेलं, मोरिता आजींनी. मोरिता आजींची मुलगी दर महिन्याला यायची आणि आईच्या पैशातून जे काही आणलं त्याच्या पावत्या टेबलावर मांडायची. फळं, मोजे, केस कापल्याचे पैसे. आजी चष्मा लावून एक एक बघायच्या, मान हलवायच्या, मग दोघी मिळून चहा प्यायच्या. सारिकाला हे भयंकर वाटलं. तिनं रात्री आईला सांगितलं.

"आई, हितं पोटची पोर आईला पावत्या दाखवती!"

"आगं बया! आन त्या पोरीला राग न्हाई येत?"

"न्हाई. हसती."

"मंग ह्या लोकांत माया कमीच म्हनायची," साळूबाई म्हणाल्या, आणि दोघी माय-लेकी हसल्या.

परीक्षेचं पाकीट महत्त्वाचं होतं. तिकडं तीन वर्षं काम केलं की सेवेची सरकारी परीक्षा देता येते. ती पास झाली की मग दरवर्षी व्हिसाच्या मुदतवाढीसाठी तोंड वेंगाडायला नको, हवं तितकं राहता येतं, आईलाही फिरायला आणता येतं. सारिकाला दुसरं काही नको होतं. ना सोनं, ना प्लॉट. ती परीक्षा फक्त. रात्रपाळीत म्हातारी माणसं झोपली की ती पुस्तक उघडून बसायची.

पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एक जाड पाकीट आलं. तिथल्या नगरपालिकेचा रहिवासी टॅक्स. पहिल्या वर्षी नसतो, आदल्या वर्षाच्या पगारावर दुसऱ्या वर्षी येतो. मोठ्या कंपन्या पगारातूनच कापतात, पण हिची संस्था लहान, त्यामुळं घरी चिठ्ठ्या आल्या. वर्षात चार हप्ते. रविवारी तिनं तो आकडा धम्मदीपपुढं धरला.

"दादा, येवढा?"

"देशात राहायचं म्हणजे घरपट्टी नको का भरायला? तू नुसती पैसं काढून ठेव. मी भरतो."

तिनं घरी पाठवायचं पाकीट हलकं केलं, स्वतःचं खाणं हलकं केलं, पण चारही हप्ते वेळेवर त्याच्या हातात दिले. चिठ्ठीत गुंडाळून. मधे नगरपालिकेची पाकिटं येत राहिली. पांढरी, मग रंगीत. तिला बोलता येत होतं, पण ती चित्रासारखी अक्षरं वाचायला जड जायची. ती फोटो काढून धम्मदीपला पाठवायची. उत्तर यायचं, "जाहिराती असतात. टाक फाडून." कधी यायचं, "भरल्याचं कळवलंय." मोबाईलमध्ये भाषांतर होतं की, म्हणाल तुम्ही. होतं. पण घरचा माणूस असताना मोबाईलला कोण विचारतं?

मग एका सकाळी, रात्रपाळी करून ती एटीएमला गेली, भाडं काढायला. पैसे येईनात. कार्ड पुसून घातलं. येईनात. खात्यात आदल्याच दिवशी पगार झालेला आणि शिल्लक जवळजवळ शून्य. ती तशीच, युनिफॉर्मवर, बँकेत गेली. बँकेतल्या बाईनं नगरपालिकेचा पत्ता लिहून दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. तिथं एका शांत माणसानं तिला बसवलं, पाणी दिलं, आणि सोप्या सोप्या शब्दांत, बोटानं दाखवत सांगितलं, की तुमचा एकही हप्ता आलेला नाही. आम्ही पत्रं पाठवली. परत पाठवली. उत्तर आलं नाही, म्हणून खात्यातून घेतलं.

एकही नाही.

ती म्हणाली, "मी दिलेत."

"कोणाकडे?"

तिला जपानीत "मामेभाऊ" म्हणता येत होतं. तेवढं तिनं सांगितलं. तो माणूस अगदी हळू म्हणाला, "पावती आहे का?"

तिथं त्या खुर्चीत तिला मोरिता आजींचं टेबल दिसलं. पावत्या, चष्मा, आणि नंतरचा चहा.

तिनं बाहेर येऊन धम्मदीपला फोन लावला. पहिल्यांदा तो म्हणाला, "भरलेत की! त्यांच्या सिस्टीमचा घोळ असंल." तिनं एकेक हप्ता कधी दिला ते सांगितलं. मग म्हणाला, "सारे, हे बघ, तवा माजं काम सुटलं होतं. घरी गाडीचा हप्ता, स्लॅबचं काम. पुढच्या महिन्यात भरू, पुढच्या महिन्यात भरू करत राहिलो. तुजं आन माजं काय येगळं हाय का?"

"दादा, माजी मुदतवाढ हाय दोन महिन्यांनी. टॅक्स थकल्याचं निघालं तर..."

"काय होत न्हाई गं. मी बघतो."

ते शेवटचं. त्यानंतर फोन लागेना, मेसेजला एकच बरोबरची खूण, दुसरी कधी उमटलीच नाही. रविवारी तिनं वेड्यासारख्या चार भाकरी केल्या आणि खिडकीत बसून राहिली.

तिनं काय केलं नाही? परीक्षेचं पाकीट फोडलं, राहिलेला टॅक्स दंडासकट भरला, कोन्बिनीत स्वतः जाऊन भरला, पावती घेतली. आता काय उपयोग! संस्थेच्या प्रमुख ओगावाबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, रुमालानं डोळेसुद्धा टिपले. पण मुदतवाढीचा अर्ज संस्थेनं द्यायचा असतो, नवा करार करून. त्या म्हणाल्या, "सारिकासान, जरा अवघड आहे."

जपानात दोन वर्षं काढलेल्या माणसाला कळतं, जरा अवघड म्हणजे नाही. त्यांना सरकारी तपासणीची भीती, खात्यावर जप्ती आलेली बाई ठेवली तर संस्थेचं नाव खराब. कोणी तिला चोर म्हणालं नाही. कोणी आवाज चढवला नाही. निरोपाला सगळ्यांनी मिळून एक कार्ड दिलं, आणि मोरिता आजींनी, ज्यांना आता नीट आठवत नव्हतं ती कोण, तिच्या हातात ते भोकाचं नाणं ठेवलं. परीक्षेला बसायला वर्षसुद्धा राहिलं नव्हतं.

इथवर एका माणसानं फसवलं. पण मला जे सहन होत नाही ते याच्या पुढचं आहे.

ती कामथडीला आली तर तिच्या आधी बातमी पोचलेली. "साळूची सारी टॅक्स बुडवताना घावली. हाकलली जपाननं." ही बातमी कुठून आली असेल? तिनं तर इकडं कोणाला सांगितलंच नव्हतं. धम्मदीप तिच्या आधी महिनाभर शिवऱ्यात येऊन बसलेला. लग्न ठरलेलं. नवीन स्लॅबचं घर, दारात गाडी, आणि ही सगळी कथा त्यानंच उलटी करून पेरलेली. म्हणे, "लई समजावलं मी तिला, टॅक्स भर, टॅक्स भर. ऐकती कुठं!"

सारिकानं आईला सगळं सांगितलं. साळूबाई रात्रभर रडल्या. सकाळी पदर खोचून म्हणाल्या, "चल शिवऱ्याला. माज्या भावापुढं सांग. तो न्याय करंल." सारिकाला वाटलं, झालं. मामा म्हणजे देवमाणूस. पैसे नाही मिळाले तरी चालतील, पण मामा एकदा सगळ्यांपुढं म्हणाले की पोरीचं खरं आहे, बास.

मामांच्या नव्या हॉलमध्ये सगळे बसले. मामी, भावकीतले दोघं, धम्मदीप. चहा आला. सारिकानं जेवढं जमेल तेवढं शांतपणे सांगितलं. रविवार, भाकरी, चिठ्ठ्या, नोटा. धम्मदीप मोबाईलमध्ये बघत होता. म्हणाला, "सारे, तिकडचं तिकडं. हितं कशाला तमाशा?"

"म्हंजी तू घेतलंस का न्हाई ते सांग."

त्यानं बापाकडं बघितलं. सावळाराम मामांनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि म्हणाले, "पोरी, तू येवढं बोलतीस. तू ह्याला पैसं दिल्याची पावती हाय का तुज्याकडं?"

पावती! ज्या घरात नानांनी जन्मभर कोणाला पावती दाखवली नाही, ज्या मामांची स्वतःची बिलं बहिणीकडं आले की नानांच्या खिशात जायची, ते मामा पावती मागत होते. नगरपालिकेच्या माणसानं मागितली तेव्हा तिला लाज वाटली होती. मामांनी मागितली तेव्हा तिला काहीच वाटलं नाही, कान बंद झाले म्हणते, नुसता बशीतला चहा हलताना दिसत होता.

तिनं आईकडं बघितलं. आई आता बोलेल. आई म्हणेल, दादा, माज्या मालकानं कंदी पावती दिली व्हती का तुला? एवढंच वाक्य. ते वाक्य आईच्या तोंडात होतं, सारिकाला दिसत होतं.

साळूबाई फरशीकडं बघत म्हणाल्या, "जाऊ दे सारे. पैसं गेलं तर गेलं. मला तेवढं येकच माहेर हाय."

परत येताना दोघी एसटीत शेजारी शेजारी बसल्या. कंडक्टरनं तिकिटं दिली ती सारिकानं मुठीत घट्ट धरली, उतरेपर्यंत.

लग्नाला साळूबाई गेल्या. नवी साडी नेसून, सख्खी आत्या म्हणून पुढं बसल्या. सारिका गेली नाही. तर त्यावरही बोलणं, "बघा, तोंड दाखवायची सोय न्हाई."

आता तो फ्लेक्स. कामथडी फाट्यावर लागलाय, नसरापुरात पण आहे. धम्मदीपचा सूटमधला फोटो, मागं बर्फाचा डोंगर. "जपानमध्ये नोकरी! नर्सिंग झालेल्या मुलींना सुवर्णसंधी. राहणं, बँक, टॅक्स, सर्व जबाबदारी आमची. आजच भेटा." खाली नंबर. महिनाअखेरीला पहिली बॅच.

परवा पालीवरून शिवानीची आई आली होती साळूकाकूंकडं. शिवानी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी तिथंच ओट्यावर होते म्हणून हे माहिती. ती बाई म्हणाली, "तुमचा भाचा हाय म्हनं. पोरीला त्याच्या हवाली करावी का? तुमी सांगाल तसं."

सारिकाताई आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

साळूकाकू म्हणाल्या, "घरातलाच हाय. चांगला हाय."

मग सारिकाताई बाहेर आली. ओले हात तसेच. शिवऱ्याहून आल्यापासून ती यावर माझ्याशिवाय कोणापुढं एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "काकू, त्याच्याकडं काई बी दिलं तर पावती घ्या."

ती बाई हसली. "आगं, घरच्या मान्साकडनं कुटं पावती घ्यायची?"

साळूकाकू उठून आत गेल्या. सारिकाताई तिथंच उभी. ती बाई चहा पिऊन गेली पण, फाट्यावर, फ्लेक्सवरचा नंबर घ्यायला.

म्हणून लिहिलं. फ्लेक्सवर म्हटलंय आजच भेटा. भेटायचंच असेल तर सारिकाताईला भेटा. कामथडीत विहाराच्या मागं, निळ्या पत्र्याचं घर, सकाळी असते ती, दुपारनंतर नसरापूरच्या दवाखान्यात जाते. ती आपण होऊन काही बोलणार नाही, तुम्हीच विचारा. कोन्बिनीत कसं बोलायचं विचारा, टॅक्सचं पाकीट कसं दिसतं विचारा, करवंटी कशात टाकायची विचारा, ती सगळं सांगेल, पाकिटं करायलासुद्धा शिकवेल. आणि शिवानी, तू हे वाचत असशील तर आईला घेऊन ये. या आठवड्यातच ये.